थोड्या पाण्यावरचा संसार : वाळवंट, माळरान आणि झुडपी जंगलातील ऊर्जाप्रवाह

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या आणि उंट डोळ्यांपुढे येतात; परंतु पर्यावरणशास्त्रात वाळवंट वाळूवरून ओळखले जात नाही, ते पाण्याच्या जमाखर्चावरून ओळखले जाते. एखाद्या प्रदेशात वर्षभरात पडणारा पाऊस आणि तिथले ऊन-वारा जमिनीतून व पानांतून जास्तीत जास्त जेवढे पाणी उडवून नेऊ शकतात ते प्रमाण, या दोहोंच्या गुणोत्तराला शुष्कता निर्देशांक म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने रूढ केलेल्या वर्गवारीनुसार हे गुणोत्तर ०.०५ च्या खाली असेल तर प्रदेश अतिशुष्क, ०.२० पर्यंत शुष्क, ०.५० पर्यंत अर्धशुष्क आणि ०.६५ पर्यंत कोरडा उपआर्द्र मानला जातो. या मोजपट्टीवर महाराष्ट्रात खरे वाळवंट नाही. मात्र सह्याद्रीने ढग अडवून धरल्यामुळे महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना, त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडच्या माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर येतात, आणि तिथून सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांत अर्धशुष्क माळरानांचा सलग पट्टा पसरत जातो.

वर्धा जिल्ह्यातला समुद्रपूर तालुका या पट्ट्यात मोडत नाही. वर्धा जिल्ह्यात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शास्त्रीय वर्गवारीत हा प्रदेश कोरडा उपआर्द्र ठरतो. तरीही वाळवंटाच्या जीवशास्त्राचा विचार समुद्रपुरात करण्यास सबळ कारण आहे. इथला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि काळ्या कसदार जमिनीला लागूनच जी बरड जमीन आहे तिथे बेसाल्ट खडकावर मुरमाचा वीतभरही थर नसतो. अशा जमिनीवर पडलेले पाणी मुरण्याआधी वाहून जाते. त्यामुळे पर्जन्यमापकात नोंदले जाणारे हवामान आणि बरडावरच्या गवताच्या मुळाला सोसावे लागणारे हवामान यांत मोठे अंतर पडते. काळ्या रानातला कापूस ज्या पावसावर तरतो, त्याच पावसात शेजारच्या बरडावर वर्षातील सात-आठ महिने वाळवंटाचेच नियम चालतात. हे नियम कोणते, आणि त्यांच्या आधारे तिथले जीव एकमेकांना ऊर्जा कशी पुरवतात, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

परिसंस्था म्हणजे एखाद्या ठिकाणचे सर्व सजीव आणि त्यांचे निर्जीव भोवताल मिळून होणारी एक कार्यव्यवस्था. ही संकल्पना आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये मांडली. या व्यवस्थेतून ऊर्जा कशी वाहते याचा पहिला काटेकोर हिशेब अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा तळ्यावर काम करणाऱ्या रेमंड लिंडमन यांनी केला. त्यांचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो छापून येण्यापूर्वीच वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लिंडमन यांनी दाखवून दिलेले सत्य असे, की पाणी, नत्र, स्फुरद ही द्रव्ये परिसंस्थेत पुन्हा पुन्हा फिरतात, ऊर्जा मात्र एकाच दिशेने जाते. सूर्यप्रकाशातून वनस्पतींनी साठवलेली ऊर्जा तृणभक्षकांकडे, त्यांच्याकडून मांसभक्षकांकडे आणि सर्वांच्या मृत देहांतून विघटकांकडे जाताना प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग श्वसनात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने कायमचा निसटतो. वरच्या पायरीला सरासरी दहावा हिस्सा मिळतो असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. तो ढोबळ अंदाज आहे, आणि शुष्क प्रदेशांत तो किती फसवा ठरतो हे पुढे दिसेल.

वाळवंटात ऊर्जेचा तुटवडा नसतो. सूर्यप्रकाश तिथे उदंड असतो. महाराष्ट्राच्या पठारावर एक चौरस मीटर जमिनीला दिवसाला सरासरी पाच युनिट वीज होईल इतकी सौरऊर्जा मिळते. ती पकडून ठेवण्यासाठी पानाला कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो, त्यासाठी पानावरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडावी लागतात, आणि ती उघडली की त्याच वाटेने पाणी बाहेर पडते. पाणी नसेल तर दार बंद ठेवावे लागते, आणि दार बंद असेल तर कितीही ऊन पडले तरी ते वाया जाते. रॉबर्ट व्हिटेकर यांनी जगभरच्या परिसंस्थांची जी तुलनात्मक आकडेवारी मांडली, तिच्यात उष्णकटिबंधीय वर्षावनात एका चौरस मीटरवर वर्षाला सुमारे २,२०० ग्रॅम कोरडे वनस्पतिद्रव्य तयार होते, झाडे विखुरलेल्या गवताळ रानात सुमारे ९००, आणि वाळवंटी झुडपांच्या प्रदेशात केवळ ९० ग्रॅम. एक ग्रॅम कोरड्या वनस्पतिद्रव्यात सुमारे १७ किलोज्यूल ऊर्जा असते असे धरून गणित केले, तर वाळवंटी झुडपे मिळालेल्या सूर्यप्रकाशाच्या पाव टक्क्याचा दहावा भागही साठवू शकत नाहीत असे निघते.

ही सरासरी खरी असली तरी तिच्यातून वाळवंटाचे खरे चित्र उभे राहत नाही. इस्रायली शास्त्रज्ञ इमॅन्युएल नोय-मेअर यांनी १९७३ मध्ये वाळवंटी परिसंस्थांचे जे विवेचन केले, त्याचा गाभा असा, की वाळवंटाचे वर्ष मोजायचे ते महिन्यांत न मोजता पावसाच्या सरींत मोजावे. एक दमदार सर येते, तिच्या जोरावर काही दिवस किंवा आठवडे वाढीचा एक उमाळा येतो, आणि त्या उमाळ्यात कमावलेल्या ऊर्जेचा एक भाग बी, मूळ, कंद, अंडी, चरबी अशा साठ्यांत ठेवून जीवसृष्टी पुढच्या सरीपर्यंत थांबते. पूर्वी सुगीचे धान्य पेवात उतरवून गाव दुष्काळाचे वर्ष काढीत असे, तशीच ही रीत आहे. सर मात्र पुरेशी मोठी असावी लागते. फ्रिट्स वेंट यांना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात असे आढळले, की तिथल्या अनेक वर्षायू वनस्पतींचे बी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस एकाच वेळी झाल्याशिवाय रुजत नाही, कारण बियांमधले रुजवण रोखणारे द्रव्य धुऊन निघण्यास तेवढे पाणी लागते. हलक्या शिडकाव्याला भुलून उगवणारे बी पुढच्या कोरड्या आठवड्यात मरते आणि आपला वंश मागे ठेवीत नाही.

बरडावरच्या कुसळी गवताचे एक बी हातात घेऊन पाहिले तर हा साठा किती चातुर्याने जपला जातो हे कळते. तांबूस, टोकदार, सुईसारख्या दाण्याच्या बुडाशी मागे वळलेल्या ताठ केसांचा झुबका असतो आणि वरच्या बाजूला दाण्याच्या कित्येक पट लांब, गडद, पिळलेले कुसळ असते. हे कुसळ दमट हवेत उलगडते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा पीळ घेते. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या फेऱ्यांत ते फिरत राहते आणि दाणा गिरमिटासारखा मातीत घुसत जातो. मागे वळलेले केस त्याला पुन्हा वर येऊ देत नाहीत. बी मेल्यासारखे कोरडे असताना केवळ हवेच्या ओलाव्यावर हे सारे घडते, त्यात वनस्पतीची स्वतःची ऊर्जा खर्च होत नाही. उन्हाळ्यात वणवा आला तरी जमिनीखाली एखादा सेंटिमीटर गेलेला दाणा त्यातून वाचतो.

कुसळी, पवन्या, मारवेल, तिखाडी ही माळावरची मुख्य गवते आणखी एका बाबतीत सोयाबीन, कापूस, तूर या पिकांहून वेगळी आहेत. या पिकांत कार्बन डायऑक्साइड पकडण्याची जी जुनी रासायनिक वाट आहे ती कडक उन्हात बरीच ऊर्जा वाया घालवते. माळावरच्या गवतांत आणि ज्वारी-उसात मात्र आधी एका वेगळ्या विकराच्या साहाय्याने हा वायू चार कार्बन-अणूंच्या आम्लात बांधला जातो आणि पानाच्या आतल्या पेशींत दाट करून मग वापरला जातो. म्हणून या वनस्पतींना सी-४ वनस्पती म्हणतात. मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर हा मार्ग उलगडला. या युक्तीमुळे पर्णरंध्रे कमी उघडूनही भागते आणि तेवढाच कार्बन साठवण्यास जवळपास निम्मे पाणी पुरते. विदर्भाच्या शेतांतून ज्वारी हटून सोयाबीन आले, तेव्हा कडबा तर गेलाच, शिवाय थोड्या पाण्यात भरपूर ऊर्जा पकडणारे पानही शिवारातून कमी झाले. आता ते काम प्रामुख्याने बरडावरचे गवत करते आहे.

या गवताचा मोठा भाग जिवंतपणी कोणी खात नाही. जमिनीखालच्या मुळांत आणि वाळलेल्या काड्यांत अडकलेली ऊर्जा बाहेर काढण्याचे काम ओल्या जंगलात बुरश्या व जिवाणू करतात. कोरड्या जमिनीत त्यांना ओल मिळत नाही, आणि ती जागा वाळवी, म्हणजे विदर्भातली उधई, घेते. वारूळ करणारी आपल्याकडची वाळवी काष्ठतंतू स्वतः पचवू शकत नाही. ती काड्या-पाने वारुळात नेऊन त्यांच्यावर एका विशिष्ट बुरशीची बाग करते आणि बुरशीने मऊ केलेले अन्न खाते. वारुळाच्या आत बाहेरच्या उन्हाळ्यातही दमटपणा टिकतो, म्हणजे उधई आपल्यापुरता पावसाळा वर्षभर राखून ठेवते. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात, ज्यांना पूर्व विदर्भात सात्या म्हणून ओळखतात आणि आवडीने खातात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळवीचे थवेच्या थवे बाहेर पडतात, तेव्हा वर्षभर वाळलेल्या काडीत अडकलेली ऊर्जा एका तासात उघड्यावर येते, आणि बेडूक, सरडे, पाली, वटवाघळे, कोतवाल, घारी, कोल्हे यांच्या पोटात जाते. ज्या परिसंस्थेत ऊर्जा थोडी आहे तिथे ती एकाच वेळी, एकाच ठिकाणी इतक्या जीवांना मिळणे ही फार मोठी घटना आहे, आणि अनेक जीवांची वीण या संध्याकाळींच्या आसपास बेतलेली असते.

पाठ्यपुस्तकांतल्या दहाव्या हिश्श्याचा फसवेपणा इथे ध्यानात येतो. सस्तन प्राणी आणि पक्षी यांचे शरीर सतत एका तापमानाला ठेवावे लागते, त्यामुळे त्यांनी पचवलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९७ ते ९९ टक्के श्वसनातच जळते आणि वाढीसाठी एक ते तीन टक्के उरतात. कीटक, विंचू, सरडे यांना ही शेगडी पेटती ठेवावी लागत नाही. त्यांच्यात दहा टक्के किंवा त्याहून बरीच अधिक ऊर्जा नव्या मांसात रूपांतरित होते, आणि सारख्या वजनाच्या पक्ष्याला लागणाऱ्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी अन्नात सरड्याचा दिवस निघतो. वाळवंटांत आणि माळांवर मुंग्या, वाळवी, विंचू आणि सरपटणारे प्राणी एवढे का बोकाळलेले असतात याचे हे उत्तर आहे. कोरड्या जमिनीतली अन्नसाखळीही पुस्तकातल्यासारखी सरळ नसते. कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यातील वाळवंटाचे अन्नजाळे गॅरी पोलिस यांनी १९९१ मध्ये मांडले, तेव्हा तिथे जवळजवळ प्रत्येक शिकारी इतर शिकाऱ्यांना, आणि पुष्कळदा स्वजातीच्या पिलांनाही, खातो असे दिसून आले. अन्न दुर्मिळ असेल तिथे नेमके एकच खाद्य धरून बसणे कोणाला परवडत नाही.

या जाळ्यातला वरचा धागा तुटला तर खाली काय होते, हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार पावसाच्या हिशेबाने शुष्क नव्हे, पण उघड्या कातळामुळे तिथेही गवत, कीटक, सरडा आणि शिकारी पक्षी अशी आखूड साखळी आहे. तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळपास चौथाईवर आलेली आढळली, आणि गळ्याखाली रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची दाटी वाढलेली आढळली. या सरड्यांत ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण एकाच अन्नावर तोंडे वाढल्यामुळे ते अंगाने खंगलेले होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले होते. पवनचक्कीने सरड्याला हातही लावला नाही, तरी त्याचे शरीर बदलले.

वाळवंटातील ऊर्जेचा उमाळा सीमा मानत नाही, याचा अनुभव वर्धा जिल्ह्याने स्वतः घेतला आहे. मे २०१८ मध्ये मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळे अरबी द्वीपकल्पावर आदळली आणि रब अल खाली या जगातल्या अत्यंत निर्जन वाळवंटात तळी साचली. ओल्या वाळूत बोटभर खोल अंडी घालणाऱ्या वाळवंटी टोळाला एवढीच संधी हवी असते. अनुकूल स्थितीत त्याची संख्या दर तीन महिन्यांच्या पिढीला वीसपट होते, आणि तिथे नऊ महिन्यांत सलग तीन पिढ्या निपजल्या, म्हणजे वाढ आठ हजारपटीच्या घरात गेली. विरळ असताना एकेकटा राहणारा हा कीटक दाटी झाली आणि मागच्या पायांना इतरांचा सतत स्पर्श होऊ लागला की रंग, वागणूक आणि शरीर बदलून थव्याने उडू लागतो. येमेन, आफ्रिकेचे शिंग, इराण, पाकिस्तान, राजस्थान, मध्य प्रदेश असा प्रवास करीत, वाटेत पुन्हा पुन्हा वीण करीत, त्या लाटेची एक धार २०२० च्या मे अखेरीस अमरावतीच्या मोर्शी-वरुडमध्ये आणि वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात उतरली. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असतात आणि प्रत्येक टोळ दिवसाला आपल्या वजनाइतके, सुमारे दोन ग्रॅम, हिरवे खातो. म्हणजे रोजचे ८० ते १६० टन. दोन वर्षांपूर्वी अरबस्तानच्या वाळूत पडलेल्या पावसाची फळे विदर्भाच्या संत्राबागांना अशा रीतीने भोगावी लागली. ज्या पक्ष्यांच्या आहारात टोळ आणि नाकतोडे मुख्य आहेत, ते माळढोक आणि तणमोर आपल्या माळांवरून जवळजवळ नाहीसे झाल्यानंतर हे घडले. एवढ्या थव्याला मूठभर पक्ष्यांनी थोपवले असते असे म्हणण्यास आधार नाही, परंतु माळावरच्या रोजच्या नाकतोड्यांवरचा त्यांचा धाक गेला, एवढे निश्चित म्हणता येते.

माळढोकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी विरळ ऊर्जेच्या रानात सर्वांत वरच्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर उभा आहे, म्हणून त्याला थोडके रान पुरत नाही, आणि मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, त्याचे क्षेत्र पुढे फार मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले. समुद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या वरोरा तालुक्यात या शतकातही माळढोक दिसत होते. माळ ही मोकळी जागा समजून तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झाडे लावली गेली, ज्यांच्या सावलीत सी-४ गवत मागे हटते आणि उघड्यावर वावरणाऱ्या पक्ष्याचा आसरा जातो.

या ऊर्जाप्रवाहात माणूसही एक पायरी आहे. धनगर आपल्या मेंढ्यांसह फिरतो आणि सुगीनंतर शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतो, तेव्हा बरडावर पकडलेली ऊर्जा आणि तिच्याबरोबरचे नत्र व स्फुरद लेंडीखताच्या रूपाने काळ्या रानात जाऊन पोचतात. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा भागातील गवळाऊ जनावर हे याच गवतावर, नंद गवळ्यांच्या हाताखाली घडलेले आहे. कापसाच्या प्रदेशातली नांगरट आणि बैलगाडी कित्येक पिढ्या या गवताच्या ऊर्जेवर चालली. गवताचा हा उपयोग कोणत्याही उत्पन्नाच्या रकान्यात लिहिला गेला नाही, आणि म्हणूनच शासकीय दप्तरात अशी जमीन पडीक ठरत गेली.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली दप्तरी ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी याच प्रकारच्या आहेत : हलकी मुरमाड माती, हिवर-बाभूळ-बोरीची खुरटी झुडपे, मधून गवत, आणि गावाचा चराईचा वहिवाटीचा हक्क. त्यांपैकी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनव्यवस्थापनास अयोग्य ठरवण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाला अनुसरून झुडपी जंगल ही वनजमीनच मानली जाईल असे स्पष्ट केले. या निकालाने जमिनीला संरक्षण मिळाले. तिची पारख होणे अजून बाकी आहे. वन म्हणजे दाट झाडी, एवढीच समजूत राहिली, तर संरक्षणाच्या नावाखाली बरडावर यंत्राने चर खोदले जातील, बहुवार्षिक गवताची मुळे उपटली जातील आणि ज्या जमिनीला पन्नास वर्षांत झाड धरले नाही तिथे पुन्हा रोपे लावून पुन्हा मरू दिली जातील. उत्पादकता कमी आहे हा या जमिनीचा दोष नाही, ते तिचे स्वरूप आहे. तिच्यावरचे जीव त्या स्वरूपाला धरून घडले आहेत आणि दुसरीकडे कुठे जाऊन राहू शकत नाहीत.

जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. समुद्रपूर तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील झुडपी जंगल आणि बरड या नोंदवहीत गवताच्या नावांसह, वारुळांसह, पक्ष्यांसह आणि चराईच्या वहिवाटीसह लिहून काढावे. गवत कापायचे ते बी झडल्यानंतर कापावे, उन्हाळ्यात वणवा लावू देऊ नये, आणि वृक्षलागवडीचा किंवा चर खोदण्याचा कोणताही प्रस्ताव आला तर ग्रामसभेने मंजुरीपूर्वी त्या जागी आज कोणते गवत उभे आहे हे विचारावे. गवतांची नावे आणि खुणा गावातल्या गुराख्यांना आणि धनगरांना ठाऊक आहेत. नोंदवही भरताना त्यांना प्रथम बोलवावे.